थुंकून दिलेल्या घोटाचा आनंद

प्रश्न असा आला आहे : ‘तुम्ही लोक दिवसाला पन्नास-साठ वाईन तोंडात घेता आणि थुंकून टाकता. त्यात खरंच आनंद असतो का, की ते कामाचं बोलणं? आणि महागड्या बाटलीत असं काय असतं जे आठशे रुपयांच्या बाटलीत नसतं?’ विचारणारी मुलगी पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट शिकते आहे आणि पुढे वाईनच्या कामात यायचा विचार करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आनंद असतो, आणि चाखण्याच्या या कामाच्या बावीस वर्षांत तो कमी झालेला नाही. फक्त तो जेवणाबरोबर वाईन पिणाऱ्याच्या आनंदाहून वेगळा आहे. पिणाऱ्याला वाईन आवडली की नाही एवढं पुरतं. चाखणाऱ्याला ती ओळखायची असते : कुठली, कोणत्या द्राक्षाची, कसल्या हंगामातली, बनवणाऱ्याने कुठे हात राखला आणि कुठे सोडला. गावच्या जत्रेत पाठमोरा माणूस नुसत्या चालीवरून ओळखू येतो, आणि तो वळतो तेव्हा तोच निघतो. त्या क्षणी मनाला जे होतं, ते मला पेला नाकाशी नेल्यावर होतं.

आधी थुंकण्याचं. एक नमुना पंचवीस मिलिलिटरचा धरला तर साठ नमुन्यांची वाईन दीड लिटर होते, म्हणजे पूर्ण दोन बाटल्या. ती गिळली तर दहाव्या-बाराव्या पेल्यानंतर लिहिलेलं काही विश्वासाचं राहत नाही. शिवाय या धंद्यात उत्तम नाकाची माणसं दारूने संपलेली मी पाहिली आहेत. आमच्याकडे नवीन कोणी आलं की मी पहिला धडा पीकदाणीचा देतो : बारीक, सरळ धार, अंगावर थेंब नाही, आणि त्यात लाज नाही.

थुंकल्याने हरवतं त्याहून कितीतरी जास्त हाती राहतं. जिभेला कळतं ते आंबट, गोड, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे रश्श्यात लागते ती भरीव चव. तुरटपणा हा खरं तर स्पर्श आहे. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतलं आणि बीतलं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतं आणि तोंडाचा ओशटपणा जातो, कच्चं केळं चावल्यावर जातो तसा. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते बहुतेक सगळं घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढत असतं. घोट थुंकला, तोंड मिटलं आणि नाकाने हळू श्वास सोडला की वाईन तेव्हाच खरी बोलायला लागते. मी विद्यार्थ्यांना त्या श्वासापर्यंत पेनाला हात लावू देत नाही.

मला हा आनंद नेमका कशाचा आहे ते कळलं तो दिवस लक्षात आहे. लंडनमध्ये फोर्टिफाइड, म्हणजे वरून स्पिरिट घातलेल्या वाईनचा अभ्यासवर्ग होता आणि समोर मदेराची एक जुनी बुआल (बुआल हे तिथलं द्राक्ष) आली, पन्नास वर्षांहून जास्त काळ लाकडी पिंपात राहिलेली. मदेरा हे अटलांटिकमधलं पोर्तुगीज बेट. 18व्या शतकात भारताकडे निघालेली जहाजं तिथे थांबून वाईनची पिंपं चढवत. उष्ण कटिबंधातून जाताना जहाजाच्या पोटात ती वाईन महिनोन्‌महिने तापे, हेलकावे खाई. दुसरी कुठलीही वाईन त्याने नासली असती. ही मात्र सुधारते असं लोकांच्या ध्यानात आलं. जाऊन परत आलेल्या पिंपांना ‘व्हिन्यो दा रोडा’, म्हणजे फेरी करून आलेली वाईन, असं नाव पडलं आणि भावही जास्त मिळू लागला. आज जहाजाची गरज उरलेली नाही. चांगल्या मदेराची पिंपं माळ्यावर, छपराखालच्या उबेत वर्षानुवर्षं ठेवतात. स्वस्त मदेरा टाकीत 45 ते 50 अंशांवर किमान तीन महिने तापवतात.

तर ती बुआल. वर्गातले सगळे लिहीत होते : अक्रोड, कॅरमेल, संत्र्याची साल. ते सगळं होतंच. पण मला पहिल्याच श्वासात दुसरं काहीतरी आलं, कडसर-गोड, जुनं, घरातलं, आणि मला त्याचं नाव सापडेना. दुसऱ्यांदा पेला उचलला तेव्हा डोळ्यांसमोर आमची मागची खोली आली. धाकट्या बहिणीच्या वेळची, आई बाळंतीण, आणि शेगडीजवळ पितळी डब्यात मेथीचे लाडू. मी वहीत मराठीत ‘मेथी’ लिहिलं आणि बोललो काहीच नाही. परदेशी वर्गात बाळंतिणीच्या लाडवांचं नाव कसं काढायचं! शेवटी शिक्षकांनी प्रत्येकाला विचारलं तेव्हा सांगावं लागलं. ते थांबले, आणि मग त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला : सोटोलॉन. जुन्या मदेरात, फ्रान्समधल्या जुरा भागाच्या पिवळ्या वाईनमध्ये हे संयुग तयार होतं, आणि मेथीदाण्याला त्याचा खास वास ज्यामुळे येतो तेही हेच संयुग. माझ्या नाकाने आठवण काढली नव्हती, रेणू ओळखला होता.

त्या दिवसापासून मी वही मराठीत ठेवतो. तुम्हीही ठेवा. अभ्यासक्रमातले शब्द युरोप-अमेरिकेच्या स्वयंपाकघरातले आहेत. अ‍ॅन नोबल या वाईन-संशोधकांनी कॅलिफोर्नियात 1980 च्या दशकात वाईनच्या वासांचं चक्र, म्हणजे वासांच्या शब्दांचा गोल तक्ता, तयार केलं ते फार उपयोगी आहे, मी अजून वापरतो, पण त्यातली ब्लॅककरंट मी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत खाल्ली नव्हती. करवंद खाल्लं होतं, जांभूळ, आवळा, रातांबा खाल्ला होता. पाठ केलेल्या शब्दाने परीक्षा पास होते, ओळख पटत नाही. परीक्षेत ‘ब्लॅकबेरी’ जरूर लिहा, कारण दहा देशांच्या परीक्षकांना एक समान भाषा लागते. स्वतःच्या वहीत जे आठवलं ते लिहा. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाईनमध्ये ढोबळी मिरची वाटली तर ती खरोखरच आहे : मेथॉक्सिपायराझिन नावाचा तोच पदार्थ दोन्हींत असतो. गेवुर्त्सट्रामिनर या दुसऱ्या पांढऱ्या वाईनमध्ये लिची आणि गुलाब एकत्र येतात, कारण रोझ ऑक्साइड तिन्हीकडे आहे. शिराझ या तांबड्या वाईनमध्ये मिरपूड येते तिच्यामागच्या संयुगाचं नाव रोटंडोन. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते 2008 मध्ये दाखवून दिलं, आणि काळ्या मिऱ्याचा वासही त्याचाच. त्याच अभ्यासात सुमारे पाचातल्या एकाला हा वास येतच नाही असं आढळलं. माझा एक जवळचा सहकारी त्या एकात येतो. र्‍होन नदीकाठच्या, फ्रान्समधल्या शिराझवर, म्हणजे तिकडच्या सिराहवर, आम्ही दोघं बोलतो तेव्हा आमच्यासमोर दोन वेगळ्या वाईन असतात, आणि आता आम्ही वाद घालत नाही.

आता मोझेलबद्दल लिहितो, कारण ‘फाईन वाईन’ म्हणजे काय ते मला तिथे कळलं. जर्मनीतली ही नदी नागमोडी वाहते आणि तिच्या काठचे उतार इतके खडे आहेत की वेली एकेका खुंट्याला बांधलेल्या असतात आणि छाटणीला, तोडणीला माणूसच चढावा लागतो. अक्षांश पन्नासच्या आसपास. आपलं नाशिक वीसवर आहे. एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकतं ते नदीकडे तोंड केलेल्या उतारामुळे आणि दगडामुळे. तो दगड म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड. दिवसभर ऊन पितो, रात्री ऊब सोडतो, आणि पावसाचं पाणी साचू देत नाही. व्हेलेन गावासमोरच्या उतारात 1842 मध्ये बांधलेलं सूर्यघड्याळ आहे, मळ्यात राबणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून. त्या मळ्याचं नावही त्यावरूनच, झोनेनऊर. तिथली पाटी निळी-करडी. थोड्याच अंतरावर उर्त्सिग गाव आहे, तिथल्या मळ्यात माती लाल, आणि मळ्याचं नाव व्युर्त्सगार्टन, म्हणजे मसाल्याची बाग.

एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या, या दोन मळ्यांतल्या दोन रीसलिंग (हे तिथलं पांढरं द्राक्ष) माझ्यापुढे शेजारी शेजारी आल्या. द्राक्ष तेच, हात तेच, तळघर तेच. पहिली बारीक, सरळ, पांढऱ्या फुलांची, आणि तिच्यात ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीचा वास. दुसरीला रंगारूपात फरक नाही, पण तोंडात ती रुंद होती, आल्याची आणि पिकलेल्या फळाची. दगड काही वाईनमध्ये विरघळत नाही. पाटीचा वास पाटीतून येतो असं विज्ञान मानत नाही, आणि मीही तसा दावा करत नाही. ऊब, निचरा, मुळांची खोली यांतून द्राक्षाचं पिकणं बदलतं एवढं नक्की. पण दोन पेल्यांमध्ये दोन टेकड्या उभ्या आहेत हे नाकाने कळणं, कोणी न सांगता, हा माझ्या आयुष्यातला मोठा आनंद आहे. त्या दिवशी मी तळघरात बराच वेळ नुसता दोन पेल्यांवर आलटून पालटून नाक नेत बसलो होतो. बरोबरच्या जर्मन बाईंनी मला हलवलं नाही. त्यांना ठाऊक असावं.

तिथलीच वीसेक वर्षांची एक रीसलिंग नंतर उघडली. जुन्या रीसलिंगला जो वास येतो त्याला इंग्रजीत ‘पेट्रोल’ म्हणतात आणि आपल्याकडचे विद्यार्थी पेट्रोल पंप आठवून गोंधळतात. शब्द फ्रेंचवरून आलेला, आणि फ्रेंचमध्ये गाडीत भरतात ते ‘एसांस’. ‘पेत्रोल’ म्हणजे खनिज तेल. माझ्या आजीच्या वातीच्या स्टोव्हजवळ बसलेल्या कोणालाही ही वाईन एका श्वासात कळेल. रॉकेल! द्राक्षातल्या कॅरोटिनॉइड्सपासून हळूहळू टीडीएन नावाचं संयुग तयार होतं त्याचा हा वास. त्याच्याभोवती मध, वाळलेलं जर्दाळू, लिंबाची साल असं सगळं असतं, आणि इतक्या वर्षांनंतरही आंबटपणा तसाच धारदार. अल्कोहोल फक्त आठ-साडेआठ टक्के. काडीचंही वजन नाही, आणि तोंडातून जायला तयार नाही.

हे ‘जायला तयार नसणं’ हेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचं अर्धं अंग. तानपुऱ्याची तार छेडली की सुरानंतर आस उरते. सामान्य तानपुऱ्याची लगेच विरते, मिरजेच्या चांगल्या तानपुऱ्याची खोलीभर राहते. वाईनलाही आस असते. फ्रेंच लोक ती सेकंदांत मोजतात, एका सेकंदाला एक ‘कोदाली’. आठशे रुपयांची नीट बनवलेली वाईन पाच-सहा सेकंदांत निरोप घेते, आणि त्यात तिचा दोष नाही. ती जेवणाला साथ करायला केलेली असते. मोठी वाईन थुंकल्यावर अर्धा मिनिट चालू राहते आणि चालता चालता बदलते. नुसती लांबी पुरत नाही, कडवटपणाही लांब टिकतो. लांबी आणि त्यात काहीतरी घडत राहणं, दोन्ही हवं.

उरलेलं अर्धं उत्तर कडू आहे. किमतीचा बराच भाग चवीचा नसतो. तो जमिनीचा, नावाचा, दुर्मिळतेचा असतो, आपल्याकडे आयात शुल्काचा आणि राज्याच्या करांचाही. बरगंडीतला क्लो द वुजो हा भिंतीने वेढलेला मळा सिस्टर्शियन साधूंनी उभा केला. सुमारे 50 हेक्टर, आणि आज त्याचे मालक ऐंशीच्या आसपास. वरच्या अंगाला जमीन उथळ आणि निचऱ्याची, खाली रस्त्याकडे भारी चिकणमाती. सगळ्यांच्या लेबलवर मात्र ग्रां क्रू, म्हणजे सर्वांत वरचा दर्जा. मी तिथल्या दोन बाटल्या एका दिवशी चाखल्या आहेत. एकीपुढे गप्प झालो, दुसरीला कुठल्याही आंधळ्या चाखणीत वर काढलं नसतं. म्हणून लेबल झाकून चाखायची सवय लावा. आणि डोळ्यांवरही फार भरवसा नको. 2001 मध्ये बोर्डोत 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाईन तांबडा रंग घालून दिली, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन तांबड्या वाईनच्या शब्दांत केलं. हा प्रयोग सांगून लोक आम्हाला खोटं पाडतात. मला तो उलट प्रामाणिक राहायला मदत करतो, कारण आपलं मन किती सहज झुकतं हे कळलेला माणूस दुसऱ्यांदा पेला उचलतो.

पण मला सगळ्यात जवळचा आनंद ना लंडनचा, ना मोझेलचा. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या वायनरीतल्या टाक्यांपाशी असतो. माझे वडील दिंडोरी तालुक्यात थॉमसनची, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाची बाग करत. तोडणीच्या आधी घडाच्या शेंड्याचा मणी चाखून ते व्यापाऱ्याला तारीख सांगायचे, आणि ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र नंतर तोच आकडा दाखवायचं. माझी जीभ तिथून आली आहे. वाईनच्या द्राक्षात बी असतं, म्हणून मी बीही चावतो. ते तपकिरी होऊन कटकन फुटलं की टॅनिन पिकलं.

आपल्याकडचं गणित युरोपच्या उलट आहे. तिकडे द्राक्ष उन्हाळा सरताना, थंडावत्या दिवसांत पिकतं. इथे एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची फळासाठीची गोडी छाटणी, आणि पिकणं जानेवारीच्या थंडीतून मार्चच्या उन्हात जाणारं. दिवस तापले की मण्याला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल भराभर जळतं. दहा दिवस उशीर झाला तर वाईन सुस्तावते. शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाच्या ज्या बागेतून आम्ही दोन तारखांना तोड केली तिच्या दोन टाक्या चाखताना ते दहा दिवस जिभेवर मोजता येतात : एकीत कच्चा पेरू आणि लिंबाची फोड, दुसरीत घरभर वास सुटलेला पिकला पेरू, पण मागे आधार नाही. मग मोजपात्र घेऊन दोन्ही मिसळायला बसायचं. पहिलीचे सत्तर टक्के, दुसरीचे तीस. बरं आहे. पंचाहत्तर-पंचवीस. ऐंशी-वीस, आणि एकदम दोन्ही आपापल्या जागी बसतात, पेरूला बांधा येतो. टेबलाभोवतीचे चौघं जण एकाच वेळी मान वर करतात. कोणी काही बोलायच्या आत आकडा वहीत गेलेला असतो. ही काही हजारोंची बाटली नाही. तरी त्या क्षणासाठी मी मोझेलचं तिकीट सोडून देईन.

कंटाळ्याचे दिवस असतात हेही सांगायला हवं. चाळीस सारख्याच वाईन, आम्लाने झिणझिणलेले दात, जांभळी जीभ. खराब बूच लागलेली बाटली, जिला पावसाळ्यात न वाळलेल्या गोणपाटाचा वास येतो. आणि सर्दी. कोविडमध्ये माझा वास तीन आठवडे पूर्ण गेला होता. चहा म्हणजे गरम पाणी, भाकरी म्हणजे नुसती जाडी. डॉक्टरांनी वासाचा सराव करायला सांगितला : गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, दिवसातून दोनदा, प्रत्येक वीसेक सेकंद. मी मनोभावे केला. सरावाच्या बाराव्या दिवशी लवंग आली, अगदी पुसट, आणि मी स्वयंपाकघरात रडलो.

तोच सराव मी आता शिकाऊ मुलांना देतो, आणि तुम्हाला सुरुवात करायला वाईन लागणारच नाही. घरातल्या कोणाला तरी मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या एकेक करून नाकाशी धरायला सांगा, तुम्ही डोळे मिटा. मिरे, तमालपत्र, दगडफूल, सुंठ, मेथी. पहिल्या दिवशी दहातले चार चुकतील. दोन आठवड्यांनी नाशिकची एक सोव्हिन्यों ब्लां आणा. अर्धा पेला फ्रिजमधून काढल्या काढल्या चाखा, अर्धा चाळीस मिनिटं बाहेर ठेवून. दोन्ही वेळा थुंका, तोंड मिटून श्वास सोडा, आणि येईल तो शब्द मराठीत लिहा. बूच लावून उरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या संध्याकाळी कालचं पान न बघता पुन्हा चाखा, आणि मग दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा. ती पानं मला पाठवलीत तर मी नक्की वाचेन.